एका उपहिमनदीची चतुःसीमा

पोतनीस,

तुमच्या मृत्यूने माझ्या अर्जातील एकमेव कायदेशीर अडचण दूर झाली आहे. हे वाक्य मी सकाळपासून तीनदा खोडले आणि तीनदा पुन्हा लिहिले. ते निर्दय आहे, परंतु असत्य नाही. आणि कानाला बरे वाटत नाही एवढ्याच कारणाने खरे वाक्य खोडण्याची मला सवय नाही. ही सवय तुम्हाला ठाऊक होती. "वकीलसाहेब," तुम्ही म्हणायचात, "तुमचं प्रत्येक वाक्य साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं असल्यासारखं का असतं? कधीतरी त्याला बसू द्या."

तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पहिल्या दिवशी जोडलेल्या हातांची रांग लागली, दुसऱ्या दिवशी ती विरळ झाली, आणि तिसऱ्या दिवशी, तुमच्या फोटोच्या बरोबर खाली, चेरीवूडजवळ दोन खोल्यांचे घर भाड्याने मिळेल काय, अशी एकाने विचारणा केली. त्या गृहस्थाला मी दीड पानांचे पत्र लिहिले. लिहून झाल्यावर लक्षात आले, की पाठवण्यापूर्वी ते ज्यांना वाचून दाखवायचे, तेच आता नाहीत. पत्र टेबलावर पडून आहे. त्यातली निदान सहा विशेषणे तुम्ही काढून टाकली असती.

सहा वर्षांपूर्वी, साताऱ्याची दिवाणी वकिली आवरून मी मुलाकडे आयर्लंडात, डब्लिनजवळच्या डून लेरीला राहायला आलो. मुलगा सकाळी डार्ट या लोकल गाडीने ग्रँड कॅनाल डॉकच्या ऑफिसात जाई, आणि मी दिवसभर या देशातील निरनिराळ्या कार्यालयांना पत्रे लिहीत असे. एके दिवशी बंदरावरच्या त्या दगडी स्तंभापुढे उभा राहून मी फोनवर मुलाला सांगत होतो, की एक राजा इथून एकदा बोटीत चढला, एवढ्याशा कारणासाठी लोकांनी स्तंभ उभारला, आणि गावाचे जुने नाव पुसून ते राजाच्या नावाने चालवले, शंभर वर्षे. माझ्या पाठीमागून मराठीत आवाज आला: "पण शंभरच वर्षं ना? पुढे गावाने आपलं नाव परत घेतलंच की."

मी वळलो. विटलेल्या लाल रंगाचा, गुडघ्यापर्यंत येणारा कोट घातलेले एक गृहस्थ उभे होते. पाऊस आडवा येत होता. मी म्हणालो, या वाऱ्यात बाहेर पडणं म्हणजे वेडेपणा आहे. तुम्ही वाऱ्याकडे जरा लक्ष दिल्यासारखे केले आणि म्हणालात, "हा? हा पोरकट आहे हो."

तो कोट अंटार्क्टिकाच्या मोहिमेत मिळालेला होता, हे मला बंदराच्या लांब धक्क्यावर, अर्ध्या वाटेवर कळले. तुम्ही भूगर्भशास्त्रज्ञ होता, निवृत्तीनंतर मृणालकडे, तुमच्या मुलीकडे, राहत होता, आणि पुण्याच्या घराचे कुलूप उघडायला वर्षातून एकदा जात होता. माझ्यासारखेच. फरक एवढाच, की मला या गावात करण्यासारखे काही नाही याचा मला संताप होता, आणि तुम्हाला त्याची गंमत वाटत होती.

त्या दिवसापासून आपण रोज सकाळी धक्क्याच्या टोकावरच्या दीपगृहापर्यंत जाऊन येत असू. छत्रीच्या ओल्या टोकाने तुम्ही ग्रॅनाइटच्या फरशीवर ती प्रचंड हिमनदी काढून दाखवायचात. "दीपगृहापाशी तिचं मुख धरा. आता पश्चिमेला चालायला लागा. डब्लिन संपेल, सगळं आयर्लंड संपेल, गॉलवेचा किनारा येईल, आणि तेवढंच अंतर अजून समुद्रात जायचं. तिथे कुठेतरी तिचा उगम." रुंदी अशी, की मधोमध उभे राहिले तर एकही काठ दिसत नाही. तिच्या बाजूचे डोंगर गळ्यापर्यंत बर्फात बुडालेले, फक्त माथे वर. उतरत उतरत ती समुद्रावर येते आणि तिथेही लगेच तुटत नाही, जाड तरंगता पाट होऊन पुढे सरकत राहते. हे सारे सांगताना तुमचा आवाज खाली यायचा. देवळात शिरताना माणूस बोलतो तसा.

तिचे नाव मात्र तुम्ही कधी उच्चारले नाही. तुम्ही नुसते "ती" म्हणत असा. म्हणून मीही इथे ते लिहीत नाही. आधी तिची विमानातून छायाचित्रे घेणाऱ्यांनी आपल्या विमानाच्या सांकेतिक नावावरून तिला ओळखले, आणि नंतर दूरच्या एका देशाच्या नकाशा खात्याच्या प्रमुखाचे नाव तिला मिळाले, हे तुम्हीच मला सांगितले. तो खंड कोणाच्याच मालकीचा नाही, म्हणून तिथे नाव देण्याचे एक कार्यालय नाही. प्रत्येक देशाची समिती आपापली नावे देते आणि ती सगळी एका सामाईक यादीत जातात. एकेका डोंगराला तीन तीन नावे.

"म्हणजे एका मिळकतीचे तीन सातबारे," मी म्हणालो. "आणि कोणालाच काही वाटत नाही?"

"बर्फाला तर नाही वाटत."

"आणि तो नकाशा खात्याचा साहेब? तो कधी तिच्यावर उभा राहिला होता का?"

"ठाऊक नाही. पण नकाशा नसता तर मी कुठे उभा आहे हे मला कळलं नसतं, वकीलसाहेब. नकाशाही लागतो."

एवढा न्याय्यपणा मला सोसत नाही, हे तुम्हाला माहीत होते. मग तुम्ही मला त्या धाकटीबद्दल सांगितलेत. मोठ्या हिमनदीला पश्चिमेकडून येऊन मिळणारी एक लहानशी हिमनदी. नकाशावर तिला फक्त एक आकडा होता. तीन उन्हाळे, म्हणजे तिथले ते न मावळणारे तीन उन्हाळे, तुम्ही आणि तुमचे सहकारी तिच्यावर तंबू ठोकून राहिलात. घरून नेलेल्या एकोणीस बांबूच्या काठ्या तुम्ही तिच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ रेषेत रोवल्यात. पुढच्या वर्षी गेलात तेव्हा ती रेषा धनुष्यासारखी वाकली होती, कारण काठाचा बर्फ खडकाला घासत मागे राहतो आणि मधला पुढे जातो. तिसऱ्या वर्षी सतराच काठ्या सापडल्या. "दोन गेल्या पुढे," तुम्ही म्हणालात. "पोचतील समुद्राला. घाई नाही."

मी त्याच संध्याकाळी अर्जाचा मसुदा करायला घेतला. त्या हिमनदीला तुमचे नाव मिळाले पाहिजे, असा माझा निश्चय झाला. तुमची परवानगी मी घेतली नाही. घ्यायला हवी होती, हे मी आज मान्य करतो.

तो मसुदा मी तुम्हाला समुद्राकडे तोंड करून असलेल्या वाचनालयात दाखवला. छत्तीस वर्षे मी खरेदीखते आणि वाटणीपत्रे केली होती. जमिनीचे वर्णन करण्याची मला ठाऊक असलेली एकच रीत होती, आणि त्याच रीतीने मी लिहिले होते: येणेप्रमाणे चतुःसीमा. पूर्वेस मोठ्या हिमनदीचे पात्र. पश्चिमेस बर्फाचे पठार. दक्षिणेस व उत्तरेस उघड्या खडकाची धार. तुम्ही वाचलेत आणि हसू लागलात. तोंडावर रुमाल धरूनही हसू थांबेना, तेव्हा वाचनालयाच्या बाईंनी वर पाहिले.

"अहो, ही पूर्वेची सीमा वाहते. तुम्ही सही करून पाकिटाला तिकीट लावेपर्यंत ती सरकलेली असेल."

"म्हणजे मिळकत स्थावर की जंगम, ते सांगा."

"खालचा खडक स्थावर. वरचा बर्फ जंगम."

"मग नाव खडकाला."

"खडक कोणी पाहिलाय? नाव देताय ते वरच्या बर्फाला. आणि तो तर चाललाय."

मी कृष्णेचे उदाहरण दिले. साताऱ्याजवळून कृष्णा वाहते, पाणी रोज नवे असते, तरी नाव तेच राहते. नाव पात्राला असते, प्रवाहाला नव्हे. तुम्ही चष्मा काढलात. "कृष्णेला कृष्णा म्हटलं ते तिचं पाणी पिणाऱ्यांनी. तिथे कोण प्यायलंय?"

"तुम्ही."

"प्यायलो खरा. वितळवून. चहात."

आपला हा वाद तिथून सुरू झाला आणि संपला नाही. मला तो जिंकायचा होता, असे मी तेव्हा समजत होतो. आता वाटते, की तो संपू नये म्हणून मी रोज सकाळी साडेनऊला धक्क्यावर हजर असायचो.

अर्ज गेला. नावे ठरवणाऱ्या समितीकडून पोच आली नाही, म्हणून स्मरणपत्र गेले. पोस्टातली बाई माझे पाकीट वजनाला टाकताना विचारू लागली, "आणखी एक दक्षिण ध्रुवाला का?" प्रत्येक पत्र मी आधी तुम्हाला दाखवत असे, आणि तुम्ही खिशातून पेन्सिल काढून त्यातले "लाजिरवाणे", "बेजबाबदार" आणि "निषेधार्ह" खोडत असा. तुम्ही पेन कधीच वापरला नाहीत. तिथे शाई गोठते, म्हणून लागलेली सवय इथेही सुटली नव्हती. कागदपत्र पेन्सिलीने लिहू नये, असे मी तुम्हाला शंभरदा सांगितले. आज सांगतो: माझ्या पत्रांना कोणी उत्तर देत नसे, हे खरे, पण ती एकाने शेवटपर्यंत वाचली, ओळ न ओळ वाचली. सातारच्या कोर्टातही असा न्यायाधीश मला फार वेळा मिळाला नाही.

आता मला त्या सकाळविषयी लिहावे लागेल.

दोन वर्षांपूर्वीचा वसंत. समितीचे उत्तर आले होते, दोन ओळींचे: ज्यांचे नाव सुचवले आहे ती व्यक्ती हयात असल्याने प्रस्ताव विचारात घेता येत नाही. मी ते पत्र हातात घेऊन धक्क्यावर आलो. तुम्ही आधीच बाकावर बसलेले होता. कसे आहात म्हणून विचारले, तर तुम्ही "ग्रँड" म्हणालात. या देशाने तुम्हाला दिलेला तो शब्द, म्हणजे आपले "मजेत". त्याच्या आड काहीही झाकता येते. तुम्ही काहीतरी सांगायला तोंड उघडलेत. मी तुम्हाला बोलू दिले नाही.

"दोन ओळी. कलमाचा उल्लेख नाही, अपवाद आहे की नाही याचा खुलासा नाही."

"बरं झालं. सुटलो."

"सुटलो कसे? म्हणजे आता तुम्ही मरेपर्यंत मी थांबायचं का?"

तुम्ही समुद्राकडे पाहत होता. "फार थांबावं लागणार नाही," तुम्ही म्हणालात.

मी हसलो. तो तुमचा नेहमीचा विनोद आहे असे मी समजलो, आणि नियमांचा अर्थ कसा लावावा यावर दीपगृहापर्यंत आणि दीपगृहापासून परत, अखंड बोलत राहिलो. परत आल्यावर तुम्ही अर्जाची प्रत मागून घेतलीत. "द्या, एकदा नीट वाचतो." ती तुम्ही परत केली नाहीत. मी पाचदा मागितली, एकदा लेखी.

अंत्यसंस्काराच्या दिवशी दहनगृहाबाहेर मृणाल माझ्याजवळ आली. ती रडत नव्हती. तिने माझी बाही धरली. "काका, बाबांना रिपोर्ट मिळाले ते त्याच आठवड्यात. घरात आम्हाला सांगायच्या आधी तुम्हाला सांगणार होते. म्हणाले, वकिलाला सांगून बघतो कसं वाटतं ते, मग तुम्हाला सांगेन. त्या सकाळी तेच सांगायला निघाले होते."

पोतनीस, मी आयुष्यात असंख्य साक्षीदारांची उलटतपासणी घेतली आहे. कोण काय लपवतो आहे हे मला त्याच्या बसण्यावरून कळते, असा माझा लौकिक होता. तुम्ही माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता.

चौथ्या दिवशी मृणालने मला एक तपकिरी फाइल दिली. आत माझा अर्ज होता. तुम्ही तो खरोखरच वाचला होता. चतुःसीमेची एकही ओळ तुम्ही खोडली नव्हती. प्रत्येक सीमेपुढे पेन्सिलीने, तुमच्या त्या बारीक अक्षरात, अक्षांश-रेखांश लिहिले होते आणि त्यापुढे कोणत्या हंगामातले ते. पूर्वेस मोठ्या हिमनदीचे पात्र, अमुक उन्हाळ्यात होते तिथे. माझ्या चुकीला तुम्ही तारीख दिलीत आणि ती खरी करून टाकलीत. दोन हरवलेल्या काठ्यांचीही नोंद केली होती: "प्रवासात."

शेवटच्या पानावर समितीने विचारलेला प्रश्न आहे: सदर व्यक्ती हयात आहे काय? त्यापुढे मी टंकलिखित केले होते: होय. आणि त्या "होय"पुढे तुमच्या पेन्सिलीने एकच शब्द होता: "सध्या."

तुम्ही मरेपर्यंत मी थांबायचं का, या माझ्या वाक्याला तुम्ही दिलेले उत्तर ते हेच. रागाचे नव्हते. रागाचे असते तर मला सोसले असते.

त्यानंतर तीन दिवस मी माझ्या मनात खटला चालवला. माझा युक्तिवाद असा, की ज्या माणसाने प्रत्येक ओळ तपासली, त्याने जे खोडले नाही ते मान्य केले, आणि तुम्ही तुमचे नाव खोडलेले नाही. युक्तिवाद मजबूत होता. परंतु प्रतिवादी गैरहजर होता, आणि एकतर्फी हुकूम मी आजवर मागितलेला नाही. मग मला आठवले, की आपल्याकडे चालू दाव्यात प्रतिवादी वारला तर दावा लगेच संपत नाही. नव्वद दिवसांच्या आत त्याचे वारस रेकॉर्डवर आणायचे असतात. तो वाद मग वारस चालवतात.

म्हणून काल मी मृणालच्या घरी गेलो आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर फाइल उघडली. मृणालने चहा ठेवला आणि म्हणाली, "मला नका विचारू काका, मी हो म्हणेन आणि मग रडेन. रेवाला विचारा. आजोबा तिच्याशीच भांडायचे." तुमची नात चौदा वर्षांची आहे, तिला मराठी सगळे कळते आणि उत्तर ती इथल्या इंग्रजीत देते. तिने अर्ज वाचला, हनुवटीखाली मूठ घेऊन, तुमच्यासारखा.

"ही वुड बी मॉर्टिफाइड, वकील आजोबा," ती म्हणाली. लाजेने जमिनीत जाणे, याला इथल्या मुलींचा हा शब्द.

"म्हणजे त्यांना नाव नको होते?"

पुढचे तिचे म्हणणे मी मराठीत नोंदवतो. आजोबांना नाव नको होते असे नाही. त्यांना ते कायमचे नको होते. बर्फ कुठे कायमचा असतो? त्या बंदरावरच्या स्तंभाचा तो राजा, "युअर मॅन विथ द बोट", त्याचे नाव गावाला होते ना, मग गेले ना? आजोबांनी तर लिहूनच ठेवले आहे. तिने त्या पेन्सिलीच्या शब्दावर बोट ठेवले. "तेच पुट करा ना नावापुढे."

मृणाल ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिने डोळे पुसले आणि साखर विचारली.

पोतनीस, वारसाचे म्हणणे मी मान्य केले आहे. आज सकाळी मी अर्ज पुन्हा टंकलिखित केला. चतुःसीमा तुमच्या दुरुस्तीप्रमाणे, प्रत्येक सीमा तिच्या तारखेसह. हयात आहे काय, या प्रश्नापुढे आता "नाही" असे आहे. ते टाइप करायला मला सर्वाधिक वेळ लागला. सोबत मृणालने दिलेला दाखला जोडला आहे. आणि प्रस्तावित नावाच्या रकान्यात लिहिले आहे: पोतनीस, सध्या.

समिती या शब्दाला हरकत घेणार, यात शंका नाही. कोणत्याही समितीच्या नियमांत असा शब्द बसत नाही. आपल्या वादात तुमची बाजू खरी होती असे मी अजूनही म्हणत नाही. फक्त ती अर्जात दाखल केली आहे. हरकतीला काय उत्तर द्यायचे, ते मी आणि रेवा ठरवू. ती शनिवारी माझ्याबरोबर धक्क्यावर येणार आहे. त्या दोन काठ्या आता कुठे असतील, ते तिला मोजून काढायचे आहे.

पोस्टात गेलो. बाईने पाकीट ओळखले. "दक्षिण ध्रुव?" मी मान हलवली. मग तिने विचारले, "आणि तुमचे ते मित्र, लाल कोटवाले? दिसले नाहीत बऱ्याच दिवसांत. बरे आहेत ना?"

मी म्हणालो, "ग्रँड."

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे न राहिलेले ते माझे पहिले वाक्य. बसू दिले त्याला. तुम्ही म्हणाला होता तसे.

आता एकच गोष्ट उरली. त्या सकाळी मी जे बोललो, आणि तुम्हाला जे बोलू दिले नाही, त्याबद्दल मी तुमची क्षमा मागतो. इतक्या वर्षांत मी हजारो पत्रे लिहिली. असे वाक्य त्यांपैकी एकातही नाही, त्यामुळे मसुदा कच्चा असणार. जे जास्त वाटेल ते खोडा. पेन्सिल मृणालने अंत्यसंस्काराच्या वेळी तुमच्या कोटाच्या खिशात ठेवली, ते मी पाहिले आहे.